नगरधर्म आणि आपली विहीर

(मंडळाच्या इंदूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



 आजवर या प्रसंगी मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थी साहाय्यक निधी अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. चिटणीसांनी आम्हांस सुचविलेला विषय मात्र नवा आहे. आपले नगर पुढील पिढ्यांना राहण्याजोगे कसे राहील, यावर आम्ही बोलावे अशी त्यांची इच्छा. प्रथम आम्हांस वाटले की, हा विषय महापालिकेचा, अभियंत्यांचा. ज्ञातिमंडळाचा त्याच्याशी काय संबंध? परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानी आले की, या विषयाचा एक धडा आपल्याच कार्यालयाच्या परसात झाकून ठेवलेला आहे. ज्या फरशीवर आज दुपारी आपली पंगत बसली, तिच्याखाली विहीर आहे. येथे जमलेल्या तरुण मंडळींपैकी अनेकांस ती ठाऊकही नसेल. उद्या सर्वसाधारण सभेपुढे जो ठराव येणार आहे, तो त्याच जागेवर नवे स्वयंपाकघर बांधण्याचा आहे. यास्तव आजचे आमचे बोलणे केवळ उपदेशाचे नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

पावलोपावली पाणी मिळणारा प्रांत म्हणून माळव्याची पूर्वी ख्याती होती. आपले पूर्वज होळकरांच्या चाकरीनिमित्त दक्षिणेतून येथे आले, तेव्हा त्यांनी वाडे बांधले, आणि वाड्याबरोबर विहिरीही बांधल्या. लोकमाता अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत भारतभर घाट, विहिरी, बारव, धर्मशाळा उभारल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या काळी नळ नव्हते, त्या काळी पाणी हा घराचा व्यवहार होता. रहाटाचा आवाज, पोहऱ्याचा दोर, वैशाखात खाली गेलेली पातळी हे सारे घरातील लहान मुलालाही दिसत असे. पाणी किती उरले हे डोळ्यांना दिसे, म्हणून ते किती वापरावे हे कोणी सांगावे लागत नसे.

पुढे नगर वाढले. १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात आले, त्या दिवसाचा आनंद ज्यांनी अनुभवला त्यांना तो आजही आठवतो. त्यासाठी येथील नागरिकांनी चळवळ केली होती, हेही विसरता येत नाही. नर्मदा आली आणि हे नगर वाचले, यात शंका नाही. २०११ च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या एकोणीस लाखांवर गेलेली होती. एवढ्या माणसांची तहान वाड्यांतील विहिरींनी भागली नसती. परंतु नळ आला आणि आपण एक चूक केली. नळ हा विहिरीचा सोबती मानण्याऐवजी आपण त्याला तिचा वारस मानले. वारस आला म्हणून विहिरीस मूठमाती दिली. आमच्या स्वतःच्या घरची विहीर आमच्या तीर्थरूपांनी वाड्याच्या पडझडीचा राडारोडा टाकून बुजविली, आणि त्या कामी घमेली उचलण्यास आम्हीही होतो. त्या वेळी आम्हांस ती प्रगती वाटली.

या नर्मदाजलाचा मार्ग एकदा डोळ्यांसमोर आणावा. मंडलेश्वरनजीक जलूद येथे ते उचलले जाते. तेथून इंदूर सुमारे ७० किलोमीटर. नर्मदा विंध्याच्या पायथ्याशी, आपण पठारावर. म्हणजे पाचशे मीटरहून अधिक उंची हे पाणी पंपांच्या बळावर चढते. आपण तोटी फिरवितो तेव्हा त्या तोटीमागे एक डोंगर चढून आलेला असतो. विजेचा हा भार हलका करण्यासाठी येथील महापालिकेने २०२३ सालच्या फेब्रुवारीत २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प उभारावा आणि त्यासाठी लागणारा पैसा सामान्य गुंतवणूकदारांकडूनही घ्यावा, अशी ही योजना. मागणी त्या रकमेच्या कित्येक पट आली. आपल्या ज्ञातीत भिशी आणि पतपेढी यांची परंपरा जुनी आहे; चार घरांनी थोडे थोडे घालून एक मोठे काम करावे हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. नगराने तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर आचरले, एवढेच.

तथापि सूर्याच्या बळावर चढविलेले पाणीही चढविलेलेच पाणी होय. आपल्या छपरावर जे आयते उतरते, त्याचा हिशेब कोण ठेवतो? इंदुरात वर्षास सरासरी ९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर एका पावसाळ्यात ९० हजार लिटर पाणी पडते, हे आपल्या शाळेतील मुलासही करता येण्याजोगे गणित आहे. त्यातले काही उडून जाईल, काही वाया जाईल. तरी पुष्कळ उरेल. आज ते पन्हाळीतून गटारात आणि गटारातून कान्ह नदीत जाते. माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा कठीण थर आहे. हा खडक वाळूसारखे पाणी शोषून घेत नाही. त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांतच काय ते पाणी साठते. जुन्या विहिरी याच वरच्या थराच्या. आज आपण कूपनलिका खोल खोल नेतो आणि वरचा थर, जो एका पावसाळ्यात भरू शकतो, तो कोरडा ठेवतो. वरची कोठी रिकामी ठेवून तळघरातील पुरणीचे धान्य उपसण्यासारखेच हे झाले.

आता एक दुःखद स्मरण करणे आम्हांस भाग आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, याच नगरातील पटेल नगर भागात मंदिराच्या आवारातील बावडीवरचे छत कोसळले. वर भाविक पूजेस बसलेले होते. ३६ जीव गेले. त्या माणसांपैकी अनेकांस आपण कशावर बसलो आहोत याची कल्पनाही नसावी. त्या दिवशी ती बातमी ऐकली आणि आम्हांस रात्रभर झोप आली नाही. याचे कारण सांगतो. १९८६ साली आपल्या कार्यालयाची विहीर फरशी टाकून झाकावी, असा ठराव कार्यकारी मंडळात आला, तेव्हा त्या मंडळाचे आम्ही सभासद होतो. ‘नळ आहे, विहीर कशास हवी? पंगतीस जागा होईल,’ असे बोलणारांत आम्ही पुढे होतो आणि ठरावास आम्ही हात वर केला. त्या फरशीस किती जाडीचे लोखंड घातले, तिचे आयुष्य किती, याची नोंद आज मंडळाच्या दप्तरात सापडत नाही. आम्ही स्वतः शोधून पाहिले. तेव्हापासून दर वर्षी त्या फरशीवर पंगती बसत आल्या. आमची नातवंडे तिच्यावर धावतात. हे सांगताना संकोच वाटतो. परंतु न सांगणे हा त्याहून मोठा अपराध झाला असता.

वस्तू नजरेआड केली म्हणजे ती नाहीशी झाली, असे मानण्याची सवय मनुष्यास फार जुनी आहे. विहिरीच्या बाबतीत आपण ती सवय पाहिली. कचऱ्याच्या बाबतीत ती आणखी ठळकपणे दिसते, आणि तेथे इंदूरचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांस होळकर सरकारने येथे पाचारण केले होते. त्यांनी इंदुरासंबंधी दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध केला. पुढे हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि ज्ञातिसंस्थेवर ग्रंथ लिहिणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचेच शिष्य. त्या काळी इंदुरात प्लेगने थैमान घातले होते. गेडिस यांच्या चरित्रात अशी हकिकत सांगितली जाते की, त्यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि जाहीर केले की, जे रस्ते व जी घरे लोक स्वतः झाडून-पुसून दुरुस्त करतील, त्यांवरून मिरवणूक जाईल. लोकांनी ढिगांनी कचरा काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती. आणि त्याच मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ पांढरे कपडे घालून, आपल्या रंगविलेल्या गाड्यांसह, सन्मानाने चालले. जे लोक रोज पहाटे नगराची घाण उचलीत आणि ज्यांची सावलीही आपले आजोबा-पणजोबा टाळीत, त्यांस त्या दिवशी राजमार्गावर मान मिळाला.

आम्ही हे मुद्दाम या व्यासपीठावरून सांगतो. आपले हे ज्ञातिमंडळ आहे. ज्ञातीने आपल्यास पुष्कळ दिले. परस्परांस आधार दिला, परगावी ओळख दिली. पण कोणते काम कोणाचे, हेही ज्ञातीनेच ठरविले, आणि घाण हे दुसऱ्याचे काम हा समज आपल्या घराघरांत त्याच वाटेने आला. कचरा घराबाहेर टाकला की आपले कर्तव्य संपले, असे ज्या समाजास वाटते, त्याचे नगर कितीही यंत्रे आणली तरी टिकणार नाही. कारण तो कचरा कोणाच्या तरी हातांवर, कोणाच्या तरी गावाच्या वेशीवर, कोणाच्या तरी विहिरीत जाऊन पडतोच.

गेडिस गेल्यानंतर थोड्याच वर्षांनी दुसरी गोष्ट याच भूमीवर घडली. कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम करीत होते. शेतातील पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचून, ते तीन वेळा खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. १९३१ साली त्यांनी या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. लंडनपासून आफ्रिकेतील मळ्यांपर्यंत आपल्या नगराचे नाव कशामुळे गेले असेल, तर खतामुळे! कचरा ही वस्तू नसून केवळ चुकीच्या जागी पडलेली संपत्ती आहे, हे या नगराने जगास शिकविले. आणि नंतर स्वतःच विसरले.

या विसरण्याची साक्ष देवगुराडिया येथील ट्रेंचिंग ग्राउंडावर होती. सुमारे १०० एकर जागेवर सुमारे १३ लाख टन कचरा वर्षानुवर्षे साचला होता. त्यास आग लागे. धुराने आसपासच्या वस्तीचे श्वास कोंडत. २०१८ साली तो ढीग यंत्रांनी चाळून, माती, प्लास्टिक, दगडविटा वेगळ्या करून मोकळा करण्यात आला. परंतु आमच्या मते खरे काम त्याआधी घराच्या उंबऱ्यावर झाले. २०१६ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पंचविसाव्या क्रमांकावर होते. २०१७ साली ते पहिले आले, पुढे सलग पहिलेच राहिले, आणि २०२३ च्या सर्वेक्षणात सुरतेसह जोडीने पहिले आले. एका वर्षात इतका पालट कशाने झाला? नवे यंत्र आले एवढेच त्याचे कारण नव्हे. दारोदारी गाडी ठरलेल्या वेळी येऊ लागली आणि गृहिणीने ओला-सुका कचरा वेगळा देण्याची शिस्त स्वीकारली. आज सहा प्रकारांनी तो वेगळा दिला जातो. ओला कचरा खरोखर स्वच्छ, निर्भेळ मिळू लागला, म्हणूनच १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडिया येथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याचा प्रकल्प सुरू होऊ शकला. त्या वायूवर नगराच्या बसगाड्या धावतात. प्लास्टिक मिसळलेल्या खरकट्यावर हा कारखाना एक दिवसही नीट चालणार नाही. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचा पाया आपल्या स्वयंपाकघरातील दोन टोपल्यांत आहे. नव्या युक्त्या आणि मोठ्या योजना यांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु जी योजना घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबते, ती पुढे जात नाही, हा इंदूरच्या अनुभवाचा सारांश होय.

या यशाने आपण फुलून जावे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. झाडलेला रस्ता सर्वांस दिसतो. रस्त्याखालचे पाणी आणि मैला वाहून नेणारे नळ कोणासही दिसत नाहीत. स्वच्छतेची पारितोषिके वरच्या रस्त्यास मिळतात, आणि आरोग्य खालच्या नळांवर अवलंबून असते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभे राहून कान्ह नदीकडे पाहावे. सांडपाण्याचे नाले वळविण्याचे मोठे काम झाले, २०२१ साली इंदुरास त्यासाठी देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ नगर म्हणून मानही मिळाला. तरी आपल्या आजोबांनी जिच्यात स्नान केले ती नदी अद्याप परत आलेली नाही. दुसरीकडे होळकरकालीन सिरपूर तलाव आणि यशवंतसागर या दोन्ही जलाशयांस २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा म्हणून रामसर सूचीत स्थान मिळाले. जे उघडे राहिले आणि ज्याच्याकडे नागरिकांनी लक्ष ठेवले, ते वाचले. जे झाकले, ते बिघडले. जलाशय असो, कचरा असो, की विहीर असो, नियम एकच.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. उद्याच्या ठरावास आमचा विरोध आहे, आणि ज्याने १९८६ साली हात वर केला होता, त्याने तो करावा हेच उचित. आमच्या सूचना चार आहेत.

पहिली, बांधकामाच्या जाणकार अभियंत्याकडून त्या फरशीची तपासणी होईपर्यंत तिच्यावर एकही पंगत बसू नये, उभी गाडी राहू नये, मुलांनी खेळू नये. हा विषय मतास टाकण्याचा नाही. आज दुपारी पंगत मांडण्यापूर्वीच हे आम्ही बोलावयास हवे होते.

दुसरी, तपासणीनंतर ती फरशी काळजीपूर्वक काढावी, विहिरीतील गाळ उपसावा, कठडा उंच बांधावा आणि वर कुलपाची भक्कम लोखंडी जाळी बसवावी. ‘उघडी विहीर मुलांस धोक्याची,’ असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण दिसणाऱ्या विहिरीस कठडा बांधता येतो. न दिसणाऱ्या विहिरीपासून मुलांस कोण सावध करणार? कार्यालयाच्या गच्चीवरील पाणी गाळून या विहिरीत सोडावे. ते पिण्यास वापरू नये. बागेस, धुण्यास, स्वच्छतागृहांस वापरावे, म्हणजे तेवढे नर्मदाजल डोंगर चढण्यापासून वाचेल.

तिसरी, लग्नमुंजीच्या हंगामात आपल्या कार्यालयात जे खरकटे निघते, त्यासाठी परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात खताचे खड्डे करावेत. विहिरीपासून ते दूर असावेत. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण हेच वापरावेत. चकचकीत कागदी ताटांस प्लास्टिकचा मुलामा असतो आणि ती खड्ड्यात कुजत नाहीत. यजमानांकडून याबद्दल अल्प शुल्क घ्यावे. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे पानात टाकले जाते ते कमी व्हावे. पाचवे पक्वान्न वाढल्याने वरपक्षाची प्रतिष्ठा वाढते, हा समज आता सोडण्यास हरकत नाही.

चौथी सूचना कदाचित काहींस रुचणार नाही. आपल्या कार्यालयाची व या गल्लीची सफाई करणारी जी माणसे रोज पहाटे येतात, त्यांस पुढील वर्षीच्या स्नेहसंमेलनास सहकुटुंब बोलवावे आणि आपल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवावे. शाल-श्रीफळाचा समारंभ करून त्यांस पुन्हा दाराबाहेर पाठविणे याला आम्ही सन्मान म्हणत नाही. गेडिसांनी शंभर वर्षांपूर्वी त्यांस राजमार्गावर चालविले. आपण त्यांस उंबऱ्याच्या आत घेऊ.

खर्चाचा प्रश्न कोषाध्यक्ष विचारतील, आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. नव्या स्वयंपाकघरासाठी जमलेल्या निधीतून हे काम होईल असा आमचा अंदाज आहे. कमी पडल्यास आमचा पहिला वाटा आम्ही आजच लिहून देत आहोत. स्वयंपाकघर पूर्वेच्या मोकळ्या जागेत पुढे केव्हाही होईल. चार-सहा मोटारी रस्त्यावर उभ्या राहतील. त्या राहू द्याव्यात, किंवा त्या चार-सहा घरांनी एका गाडीतून यावे.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहावा असा विचार मंडळात चालू आहे. त्या इतिहासात कोणी मोठ्या पदावर गेले, कोणी परदेशी विद्या संपादन केली, हे अवश्य यावे. परंतु कोणत्या पिढीने आपली विहीर झाकली आणि कोणत्या पिढीने ती उघडली, हेही त्यात यावे. झाकणारांच्या यादीत आमचे नाव आहेच. उघडणारांच्या यादीतही ते असावे, एवढी या वयातील आमची इच्छा. उद्या सकाळी दहा वाजता सभा आहे. सर्वांनी, विशेषतः भगिनींनी, अगत्याने उपस्थित राहावे. कारण पाणी आणि खरकटे यांचा खरा हिशेब आजवर त्यांनीच ठेवला आहे, आणि सभेत मत मात्र आम्ही पुरुषांनीच दिले आहे.